गोळ्यांच्या स्ट्रिपवरची अक्षरे वाचता आली पाहिजेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ग्राफिक डिझाइनचा विषय निघाला की आपल्याकडे जाहिराती, बोधचिन्हे आणि मुखपृष्ठे यांचीच चर्चा होते. अक्षरे आणि चिन्हे यांची मांडणी ही मुळात सार्वजनिक सोय आहे, आणि जिथे तिची गरज सर्वाधिक, त्या औषधांच्या वेष्टनावरच तिची हेळसांड होते, हे मला या पत्रातून मांडायचे आहे.

घरातली कोणतीही स्ट्रिप उलटून पाहावी. चकचकीत चंदेरी पत्र्यावर औषधाचे मूळ नाव, मात्रा, किंमत, उत्पादकाचा पत्ता आणि सूचना बारीक टाइपात दाटीवाटीने छापलेल्या असतात. दिव्याखाली धरावी, तर पत्रा चमकून आहे तेही दिसेनासे होते. मुदत संपण्याची तारीख बहुधा एकाच टोकाला असते, कधी तर शाईविना नुसती ठशाने उठवलेली. चारच गोळ्या हव्या असल्या की दुकानदार कात्रीने स्ट्रिप कापून देतो आणि तारीख दुकानातल्या तुकड्यावर राहून जाते. त्यात एकाच गोळीच्या 5 आणि 10 मिलिग्रॅमच्या स्ट्रिप रंगरूपाने सारख्याच असल्या आणि मधुमेह व रक्तदाब असलेल्या ज्येष्ठ व्यक्तीच्या डब्यात असे पाच-सहा तुकडे एकत्र पडले, तर होणाऱ्या चुकीचे खापर तिच्या विसरभोळेपणावर फोडणे अन्यायाचे आहे.

हे भान आपल्याला नवे नाही. 1951 च्या जनगणनेनुसार देशात साक्षरता जेमतेम 18 टक्के असताना पहिली सार्वत्रिक निवडणूक पार पडली, ती प्रत्येक उमेदवाराच्या वेगळ्या पेटीवर लावलेल्या चिन्हाच्या आधारे. अलीकडे मांसाहारी पदार्थांवरील तपकिरी ठिपक्याच्या जागी त्रिकोण आला, कारण रंगांधळ्या व्यक्तींना तो ठिपका शाकाहाराच्या हिरव्या ठिपक्याहून वेगळा ओळखता येत नव्हता. एका आकाराच्या बदलाने केवढी सोय झाली!

औषधांवरही चिन्हे आहेत, पण त्यांचा अर्थ पोचलेला नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीविना घेऊ नयेत अशा औषधांवर उभी लाल रेघ असते, आणि प्रतिजैविकांसंदर्भात 2016 मध्ये केंद्र सरकारने तिच्याविषयी मोहीमही काढली; तरीही ती रेघ म्हणजे वेष्टनाची नक्षी, असे समजणारी सुशिक्षित माणसे मला भेटतात. 1 ऑगस्ट 2023 पासून 300 प्रमुख ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला. बनावट औषधे ओळखण्यासाठी तो उपयुक्त आहेच, पण ज्यांना अक्षर दिसत नाही, त्यांच्यापैकी अनेकांना मोबाइलवर कोड वाचणेही जमत नाही.

वेष्टनाच्या छपाईचे नियम केंद्राचे आहेत. तरीही राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने केंद्राकडे आग्रह धरावा, की प्रत्येक गोळीमागे नाव, मात्रा आणि मुदत पांढऱ्या, न चमकणाऱ्या पृष्ठभागावर गडद शाईत असावी, आणि मात्रेतला फरक रंगाबरोबरच आकारानेही कळावा. सरकारी रुग्णालयांत गोळ्या देण्याच्या कागदी पाकिटांवर सकाळ, दुपार, रात्र यांच्या खुणा आणि ठळक मराठी मजकूर छापणे तर राज्याच्याच हाती आहे. मुंबईतील सर ज. जी. उपयोजित कला संस्था आणि आयआयटीचे डिझाइन केंद्र यांच्याकडून नमुने करून घ्यावेत, आणि मंजुरीपूर्वी ते ज्येष्ठ नागरिकांना त्यांच्या नेहमीच्या चष्म्याने, घरातल्या साध्या उजेडात वाचायला द्यावेत.

आपला,
एक वाचक, पुणे