पुरात बुडालेलं रिव्हॉल्वर आणि भोकाचा पैसा

आदरणीय मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

दसऱ्याच्या आठवडाभर आधी तुम्ही आमचं दुरुस्त केलेलं रिव्हॉल्वर माझ्या हातात दिलंत. मी मजुरी दिली, रजिस्टरात सही केली आणि उजेड आहे तोवर कुंभार्ली घाट उतरायचा म्हणून घाईने निघाले. नीट आभार मानायचे राहूनच गेले. ते आज इथे, चारचौघांसमोर मानते आहे. आजोबा-पणजोबांची हत्यारं जपणारी घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत. तुम्ही काय केलंत हे त्यांनाही कळू दे.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी चिपळुणात शिरली. आम्ही माडीवर होतो आणि लोखंडी कपाट खाली. पाणी ओसरल्यावर आधी धान्य, अंथरुणं, आईची औषधं यांच्यामागे लागलो. कपाट उघडायला पाचवा दिवस उजाडला. आजोबांनी मुंबईतून जुनंच विकत घेतलेलं, बाबांच्या मागे वारसाने माझ्या परवान्यावर आलेलं वेब्ली अँड स्कॉटचं .३२ चं रिव्हॉल्वर चामडी म्यानात तसंच होतं. चामडं पाणी पिऊन फुगलेलं. आतलं लोखंड विटकरी झालेलं.

मग मी चूक केली. हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिश पेपर आणला आणि नळीची एक बाजू घासली. दोन बोटं रुंदीचा पांढरा चकचकीत पट्टा निघाला. आपण किती छान साफ केलं, असं वाटलं मला.

तुम्ही तो पट्टा खिडकीशी धरून बघितलात. रागावला नाहीत. भिंग माझ्या हातात देऊन पट्ट्याच्या कडेला बघायला सांगितलंत. तिथे इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला हत्याराची चाचणी झाल्याचा छोटासा ठसा होता आणि त्याची एक रेघ माझ्या घासण्याने पुसट झाली होती. "अजून चार हात मारले असते तर नंबरापर्यंत पोचला असता," एवढंच म्हणालात. हत्यारावरचा नंबर किंवा खूण खोडणं, बदलणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं परवाना बाळगणाऱ्या घरातली मी.

आतली नळी आणि चाप-घोड्याचं काम तुम्ही आधी तपासून घेतलंत. ते बाबांच्या तेलाने वाचलं होतं. बिघडलं होतं ते फक्त वरचं रूप. कुणी म्हणेल, मग एवढा आटापिटा कशाला? पण ज्याच्या घरावरून पूर गेलाय त्याला विचारा, वस्तू पुन्हा पहिल्यासारखी दिसणं म्हणजे काय ते.

गंज काढायला तुम्ही गल्ल्यातून भोकाचा पैसा काढलात तेव्हा मी चकितच झाले. १९४३ ते १९४७ मधला तो पैसा काशाचा, पोलादापेक्षा मऊ. तेलात रात्रभर मुरलेला गंज त्याच्या कडेने खरवडला की पापुद्रा सुटतो आणि खालच्या लोखंडावर ओरखडा उठत नाही. दोन दिवस तुम्ही तेवढंच करत बसलात. मोटारीचं बफ चाक शेजारीच होतं, त्याला हात लावला नाहीत. बफाने कडा गोल होतात, स्क्रूच्या भोकांच्या काठाला खळगे पडतात, अक्षरं वितळल्यासारखी दिसतात. माझा पांढरा पट्टा तुम्ही सपाट पट्टीला कागद गुंडाळून, आधी ४०० आणि मग ६०० नंबरने, ठशाला वळसा घालून बाजूच्या पृष्ठाशी मिळवून घेतलात.

मग काळं करायची वेळ आली. कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या मिठात बुडवलं की काम झटपट होतं, पण सांध्यात राहिलेलं मीठ कोकणच्या हवेत पुन्हा फुटून येतं, म्हणून तुम्ही जुनी लांबची वाट धरलीत. नळीच्या दोन्ही तोंडांना लाकडी बुचं. तेलाचा अंश उरू नये म्हणून धुऊन काढलेले भाग, आणि त्यानंतर उघडं बोट कुठेही लावायचं नाही. आम्लाचा अगदी पातळ हात फिरवून सगळं दमट खोलीत टांगलंत. बाहेर पाऊस लागून राहिला होता. काही तासांत नळीवर लालसर लव उगवली आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण तो पुन्हा गंजच होता! तो तुम्ही डिस्टिल्ड पाण्यात उकळलात. माझ्या डोळ्यांदेखत लाल लव काळी मखमल झाली. ती बारीक तारेच्या लोकरीने पुसल्यावर खाली करडा रंग धरलेला. असं आठ वेळा. करडा, काळसर, आणि शेवटी तेल लागल्यावर तो गंभीर निळसर काळा.

गंज उकळला की त्याचा मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचा काळा ऑक्साइड होतो, तो लोखंडाला घट्ट धरून बसतो आणि तेल धरून ठेवतो, हे मी नंतर वाचलं. पण ज्या ओलाव्याने आमचं नुकसान केलं त्याच्याकडूनच तुम्ही काम करून घेतलंत, हे मी बघितलं आहे.

नळीच्या टोकाशी तीन खड्डे राहिले. "हे काढायचे तर ठसाही जाईल. मी काढणार नाही," असं तुम्ही सांगितलंत तेव्हा मी जरा हिरमुसले होते. आज त्या नकारासाठी मुद्दाम वेगळे आभार मानते.

आणखी एक गोष्ट. स्क्रूच्या खाचेतून तुम्ही लाल किटण काढलंत आणि विचारलंत, "घरी खंडेनवमीला पूजा होते ना?" वर्षानुवर्षांचं कुंकू होतं ते, तेलात बसलेलं आणि ओल धरणारं. तुम्ही पूजा बंद करा म्हणाला नाहीत. कुंकू विड्याच्या पानावर वाहा, झेंडू कोरडा आणि चार बोटं लांब ठेवा, म्यान पुन्हा वापरू नका, तेलाच्या सुती फडक्यात गुंडाळा, एवढंच सांगितलंत.

तसंच केलं. आईला आता नीट दिसत नाही. रिकामं केलेलं रिव्हॉल्वर मी तिच्यापुढे धरलं. तिने बोटाने नळी चाचपली, टोकाशी आल्यावर तीन खड्डे मोजले आणि म्हणाली, "आपलंच आहे." मग तिच्या बोटांचे डाग राहू नयेत म्हणून मी तेलाचं फडकं फिरवलं.

भोकाचा पैसा तुम्ही फडक्यात बांधून दिलात, तो तिथेच ठेवला आहे.

आपली कृतज्ञ,
चिपळूणची एक लेक