नाताळच्या पानावर 'वस्ती' या शब्दालाही जागा द्या

संपादक साहेब, नमस्कार.

नाताळ आला की पेपरात केक, चांदण्या, मार्केटमधली गर्दी एवढंच येतं, फोटो छान असतात पण ज्यासाठी हा सण आहे ती गोष्टच कुठे नसते, म्हणून लिहितोय.

मी चेंदणीला राहतो, घर माळकरी. शेजारच्या काकू ख्रिस्ती. पावसाळ्यात काकांच्या वर्षश्राद्धाला, म्हणजे त्यांच्याकडे प्रार्थना असते, गाड्या बंद पडल्यामुळे कोणीच पोचलं नाही. काकू, त्यांची बहीण आणि मी. मला वाटलं पुढे ढकलतील, पण त्यांनी कडा मऊ पडलेलं मराठी बायबल उघडलं आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातलं येशूचं वाक्य वाचलं, की जिथे दोघे किंवा तिघे माझ्या नावाने जमतात तिथे मी त्यांच्यामध्ये असतो. आणि प्रार्थना सुरू केली.

नंतर चहा पिताना त्यांनी योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातलं दाखवलं, शब्द (म्हणजे ख्रिस्त) देही झाला, माणूस झाला, आणि त्याने आमच्यामध्ये 'वस्ती केली'. मूळ ग्रीकमधे तिथे तंबू ठोकणे या अर्थाचं क्रियापद आहे. तंबू म्हटलं की मागचं सगळं आठवतं, मिसरमधून, म्हणजे इजिप्तमधून, सुटलेले इस्राएली लोक रानावनातून चाललेत आणि त्यांचा देव पण त्यांच्यासोबत, बकऱ्याच्या केसांच्या पडद्यांखाली, ढग वर उठला की आवराआवर करून पुढे निघायचं. मराठी बायबलात त्याला निवासमंडप म्हणतात. मंडप म्हणजे काय हे आपल्याला कोणी समजवायला लागत नाही!

पुढे यरुशलेमला दगडी मंदिर झालं, ते एकदा पाडलं गेल्यावर पुन्हा बांधलं, आणि इ.स. 70 मधे रोमन सैन्याने तेही पाडलं. योहानाचं लिखाण बहुतेक अभ्यासक त्यानंतरचं धरतात, म्हणजे मंदिर गेलेलं असताना कोणीतरी लिहितोय की देवाने आमच्यात वस्ती केली. मला तर ही ओळ फार मोठी वाटते. ख्रिस्ताचा प्रेषित पौल याने त्याच्याही आधी करिंथ या ग्रीक शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलं होतं की तुम्ही देवाचं मंदिर आहात, आणि ते 'तुम्ही' ग्रीकमधे अनेकवचनी आहे, एकटादुकटा भक्त नाही, आपसात भांडणारी ती अख्खी मंडळी.

हे सगळं मराठीतच आहे साहेब, आपल्या शब्दांत. ठाण्यात, वसईत मराठीत लिहिणारी ख्रिस्ती माणसं भरपूर आहेत, या नाताळला त्यांच्याकडून अर्धं पान लिहून घ्या.

– आपला एक नेहमीचा वाचक, ठाणे