चौकट वाकडी असेल तर यंत्राचं दार बसत नाही

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

एआय आणि यंत्रांमुळे सुतार, प्लंबर, घरदुरुस्तीवाले बेकार होणार का, या चर्चेत सध्या दोनच मतं ऐकू येतात. कुणी म्हणतं सगळं संपणार, कुणी म्हणतं हाताच्या कामाला कधीच मरण नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे जे चाललंय ते या दोन्हींत बसत नाही. काटकोनातलं नवं काम यंत्राकडे जातंय. वाकडं, जुनं, दुरुस्तीचं काम माणसाकडे उरतंय. अडचण अशी की सुताराचा पोऱ्या शिकायचा ते नव्या कामावर, आणि मिस्त्रीचं घर चालायचं तेही त्याच कामावर.

किचनच्या खणांचं आणि कपाटांचंच घ्या. पूर्वी आठ बाय चारचे बोर्ड घरात उतरायचे आणि दोन मिस्त्री व एक मदतनीस पंधरवडाभर तिथेच कापाकापी करायचे. आता पॅनेल सॉवर, म्हणजे बोर्ड कापायच्या मोठ्या करवत-यंत्रावर, कापलेले, कडापट्टी लावलेले, बिजागरीची ३५ मिमीची भोकं पाडून तयार झालेले तुकडे टेम्पोतून येतात आणि दोन माणसं दोन-तीन दिवसांत ते उभे करतात. हे काम यंत्र चांगलं करतं, हे मान्यच करायला हवं. मोठ्या पात्याच्या पुढे एक लहान पातं खालून बारीक चीर देत जातं, म्हणून सनमायकाच्या कडा उडत नाहीत. हातमशिनवर कितीही जपलं तरी थोड्याफार उडतातच. हे काम परत येईल अशी आशा कुणी धरू नये.

पण यंत्र अचूक कापतं ते दिलेल्या मापाप्रमाणे, आणि माप चुकतं ते घरात. सर्वांत जास्त चुका टाइल्स बसण्याआधी माप घेतल्याने होतात. मसाला आणि टाइल मिळून एकेका भिंतीला २० मिमीच्या आसपास जागा जाते. दोन भिंतींमध्ये बसणारं कपाट मग आत शिरतच नाही. शिवाय रुंदी एकाच ठिकाणी मोजून चालत नाही. तळाशी, मध्यावर आणि वर अशी तीन मापं घ्यावीत, सर्वांत लहान धरावं, त्यातून आणखी १० मिमी सोडावेत आणि उरलेली फट भिंतीच्या पोटाप्रमाणे कोरलेल्या पट्टीने बुजवावी. करवत जागेवर होती तेव्हा चूक तासाभरात निस्तरायची. आता तोच तुकडा कारखान्यात परत जातो आणि गिऱ्हाईक आठवडाभर वाट पाहतं.

मोबाइलवरच्या एआयला 'कटिंग लिस्ट काढून दे' म्हटलं की कापायच्या तुकड्यांच्या मापांची यादी दोन मिनिटांत मिळते. पण ती पडताळल्याशिवाय यंत्रावर देऊ नये. ६०० मिमी रुंद खणाच्या आतल्या फळीचं माप अॅप सहसा ५६४ देतं, म्हणजे ६०० वजा दोन वेळा १८. प्लायला बाहेरून १ मिमी आणि आतून ०.८ मिमी सनमायका लागला की बाजूची जाडी १९.८ होते आणि आत जागा उरते ५६०.४. फळी साडेतीन मिमी, म्हणजे एक सुताहून (इंचाच्या आठव्या भागाहून) जास्त, लांब पडते. त्याशिवाय पात्याच्या जाडीचे ३ ते ४ मिमी प्रत्येक कापाला जातात, आणि लाकडी रेघांच्या सनमायकात रेघ उभी की आडवी हे सांगितलं नसेल तर शेजारशेजारच्या दोन दारांच्या रेघा जुळत नाहीत. ही पडताळणी जो करेल तो मिस्त्री या धंद्यात टिकेल.

आता दारांकडे येऊ, कारण खानदेशात दुरुस्तीचं खरं काम तिथे आहे. तापी-गिरणेच्या पट्ट्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. पाया उथळ असेल तर घराचा एखादा कोपरा हलतो आणि त्याबरोबर चौकट तिरकी होते. ७ बाय ३ फुटांच्या चौकटीचे दोन्ही कर्ण साधारण ९१ इंच ३ सूत भरायला हवेत. दोन कर्णांत अर्ध्या इंचाचा फरक आला, तर चौकटीचा माथा तळाच्या मानाने जवळपास पाच सूत सरकला आहे असं समजावं. अशा चौकटीत कारखान्याचं काटकोनी फ्लश डोअर, म्हणजे सपाट तयार दार, बसत नाही. वरच्या एका कोपऱ्याला आणि त्याच्या कर्णावरच्या खालच्या कोपऱ्याला दोन-दोन सुतांचा उतार द्यावा लागतो. त्यातही मर्यादा आहे. फ्लश डोअरच्या कडेला आतून अखंड लाकडाची पट्टी असते. रंधा मारता मारता ती संपली तर स्क्रू धरत नाहीत आणि कुलूपही डुगडुगतं. म्हणून दार मागवण्याआधी कर्ण मोजावेत, ओळंबा सोडावा आणि दार थोडं मोठं मागवून जागेवर उतरवावं.

श्रावणात दार अडकतं, तेव्हा फोटो पाहून एआय बहुतेक वेळा 'घासलेली कड रंध्याने काढा' असंच सांगतं. फोटोत घासलेली खूण दिसते, सैल बिजागरी दिसत नाही. आधी दार अर्धं उघडून कुलपाच्या बाजूने वर उचलून पाहावं. हललं तर दोष बिजागरीत आहे. स्क्रू काढावा, भोकात गोंद लावलेली सागाची खुंटी ठोकावी, वाळल्यावर नवं बारीक भोक पाडून लांब स्क्रू मारावा. दार मुळीच हलत नसेल आणि संपूर्ण उभी कड सारखी घासत असेल, तरच लाकूड फुगलं आहे. तेव्हाही भर पावसाळ्यात मनसोक्त रंधा मारू नये, कारण पारा ४५ ला टेकला की तेच दार आक्रसतं आणि बोटभर फट पडते. जेमतेम सुटेल एवढंच काढावं. नंतर दाराच्या वरच्या आणि खालच्या कडेला रंग किंवा तेल द्यावं. लाकूड सर्वांत जास्त ओल याच कडांतून पितं आणि रंगारी नेमक्या त्याच सोडतात!

वाळवीचंही तेच. चौकटीचा रंग वरून शाबूत असतो, आत पोकळी असते. पायाशी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून आवाज ऐकल्याशिवाय ती कळत नाही.

एरंडोल, पारोळा, चोपडा भागांतल्या जुन्या धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या, घरांना तर कुठलंच तयार उत्तर नाही. तुळई बहुधा भिंतीत गेलेल्या टोकालाच कुजते, मधला साग ठणठणीत असतो. दरवर्षी वरून माती टाकत गेल्याने छताचं वजनही वाढत गेलेलं असतं. आधी दोन्ही बाजूंनी टेकू द्यायचे, मग वरची माती हलकी करायची आणि त्यानंतरच कुजलेल्या टोकाला हात लावायचा. हा क्रम उलटा झाला तर छताचा तो भाग खाली येतो. हे काम अनुभवी माणूस समोर असल्याशिवाय करूच नये.

मोबाइलचा उपयोग होतो तो सुटा भाग ओळखायला. नळाचं कार्ट्रिज, फ्लश टाकीचा वॉल्व्ह, गिझरचं एलिमेंट यांचा फोटो दाखवला की दुकानात हेलपाटे वाचतात. कपाटाच्या बिजागरीतही फुल ओव्हरले, हाफ ओव्हरले आणि इन्सेट असे तीन प्रकार असतात. चुकीची आणली तर दार मिटत नाही. फोटोसोबत बाजूच्या फळीवर दार किती चढतं ते माप दिलं, तर उत्तर बऱ्यापैकी बरोबर येतं.

राहिला प्रश्न शिकण्याचा. घासपेपर, मग सनमायका चिकटवणं, मग बिजागरी, मग ड्रॉवर अशा पायऱ्या चढत पोऱ्याचा मिस्त्री व्हायचा. या पायऱ्या कारखान्यात गेल्या. तिरकी चौकट मात्र पहिल्याच दिवशी कुणाच्या हाती देता येत नाही. आयटीआयचा सुतारकामाचा अभ्यासक्रम एका वर्षाचा आहे. जिल्ह्यातल्या आयटीआयनी कार्यशाळेत मुद्दाम तिरकी चौकट उभी करावी, ओघळलेलं दार, वाळवी लागलेला पाय, सिंकखाली फुगलेला खण असे नमुने ठेवावेत आणि दुरुस्तीची प्रात्यक्षिक परीक्षा घ्यावी. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांचं ई-व्हाउचर आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, नंतर २ लाखांपर्यंत कर्ज मिळतं. एकट्याने या पैशांत पॅनेल सॉ घेण्याच्या मागे लागू नये. कापणी मजुरीने करून घ्यावी आणि पैसे चांगला ड्रिल, लेझर लेव्हल, हाती रंधा मशीन यांत घालावेत.

दराबाबतही बोलायला हवं. दुरुस्ती हजेरीवर, म्हणजे रोजंदारीवर, परवडत नाही, कारण अर्धा वेळ दोष शोधण्यात जातो आणि त्याचे पैसे कुणी देत नाही. मिस्त्रींनी तपासणी फी घ्यावी, काम मिळालं तर ती बिलातून वजा करावी. मापं, दोष आणि लागणारं सामान कागदावर लिहून द्यावं. सिंकखालच्या खणाला आयएस ७१० चा (पाण्यात टिकणारा मरीन) प्लाय लावला की आयएस ३०३ चा (सर्वसाधारण वापराचा), आणि पाइपसाठी पाडलेल्या भोकाची कच्ची कड सिलिकॉनने बुजवली की नाही, हेही त्यात असावं. गिऱ्हाइकांनीही असा कागद मागून घ्यावा आणि तपासणीच्या फीवरून घासाघीस करू नये.

आपले,
लाकूडकाम व घरदुरुस्तीच्या व्यवसायातील काही वाचक, जळगाव