आधी कोरडी विहीर दाखवा

आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

तुम्ही मोबाइल वापरत नाही आणि टपालानं आलेल्या पत्रांच्या पाकिटांवर, ती न फोडताच, हिशेब मांडता हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे. सूनबाई तुम्हाला वाचून दाखवतील. कौतुकाची वाक्यं त्यांनी खुशाल गाळावीत, नाहीतरी तुम्ही तेवढ्यापुरते कानाला हात लावून बसालच.

मी १९९३-९४ची टी.वाय.बीएस्सी., भूशास्त्र. नावानं तुम्हाला आठवणार नाही. प्रवाह क्रमांक पाच म्हटलं की आठवेल.

ज्यांनी तो तास पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. एफ.वाय.चा दुसरा की तिसरा आठवडा. सरांनी वर्गाला कुलूप घातलं आणि आम्हा सगळ्यांना कॉलेजच्या मुख्य जिन्यावर उभं केलं, एका पायरीवर एक जण. खालून पहिला तो सगळ्यात जुना, वरचा सगळ्यात नवा. "तुम्ही आता लाव्हा आहात. थंड होईपर्यंत हलायचं नाही." साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर एकावर एक कसे पसरले, ते त्यांनी आमच्यामधून वर-खाली चढउतर करत सांगितलं. आपल्या डोंगरांना 'ट्रॅप' म्हणतात तो शब्द मुळात स्वीडिश भाषेतल्या पायऱ्यांवरून आलेला आहे, हे मला त्या जिन्यावर उभं राहून कळलं आणि त्यामुळे जन्मात विसरणार नाही. एका मुलीची लाल ओढणी मागून घेऊन ती चौथ्या आणि पाचव्या पायरीच्या मध्ये अंथरली. "ही दोन उद्रेकांच्या मधली सुट्टी. खालचा थर उघडा पडला, कुजला, त्याची माती झाली, वरून नवा लाव्हा आला आणि ती भाजून निघाली. कात्रजच्या घाटात ही ओढणी दाखवतो." पुढच्या रविवारी दाखवलीही. तेवढ्यात प्राचार्य जिना चढून वर यायला निघाले. सर म्हणाले, "साहेब, कडेनं या, अजून गरम आहेत."

तेव्हापासून तीन वर्षं आमची हजेरी प्रवाह क्रमांकानं, म्हणजे लाव्हाच्या त्या पायरीच्या नंबरानं, व्हायची. "सात?" "गैरहजर, सर." "बरं, झीज झाली म्हणायची."

त्या काळी पुण्यात विक्षिप्त प्राध्यापकांची वानवा नव्हती. आम्हाला गणिताला एक सर होते, ते अख्खा तास खिडकीबाहेरच्या गुलमोहराला शिकवायचे. वनस्पतिशास्त्राच्या बाई ओळख पटलेलं पान चावून बघायच्या आणि ओळख न पटलेलंसुद्धा. तुम्ही स्वतः कोसंबींचं नाव घ्यायचात. गणिताचा माणूस, पण जुनी नाणी तोलून, ती चलनात किती झिजली त्यावरून त्यांचा क्रम लावायचा, आणि पुण्याच्या टेकड्यांवर फिरून दगडी हत्यारं वेचायचा. "माणसानं एका खात्यात नोकरी करावी आणि दुसऱ्या खात्यात उचापती," हे तुमचंच. तरी या सगळ्यांत तुम्ही वेगळे होतात. बाकीचे नुसते तऱ्हेवाईक होते. तुमच्या प्रत्येक तऱ्हेमागे काहीतरी शिजत असायचं, ते आम्हाला दोन-तीन वर्षांनी कळायचं इतकंच.

उदाहरणार्थ, तो बोर्नव्हिटाचा डबा. प्रॅक्टिकलला आत शिरताना दारातच त्या डब्यात खोडरबर टाकायचा. दगडाचं चित्र काढायचं ते पेनानं. चुकलं तर एक काट मारायची आणि शेजारी पुन्हा काढायचं. स्वच्छ, देखणा जर्नल दिसला की तुमच्या कपाळाला आठी. "कुणाचा उतरवलास?" आमच्या बॅचमध्ये सगळ्यात घाणेरडा जर्नल माझा होता आणि सगळ्यात आधी सही त्याच्यावर झाली. घरी आईला दाखवला तर ती म्हणाली, मास्तरांनी बघितला तरी का गं?

आणि छत्री. बाराही महिने. दगडाचा फोटो काढताना मापासाठी सगळे शेजारी हातोडा ठेवतात, तुम्ही छत्री ठेवायचात. माझ्याकडच्या प्रत्येक फोटोत ती काळी छत्री आडवी पडलेली आहे, आणि तिची लांबी किती ते तुम्ही कधीच सांगितलं नाहीत.

आता मुद्द्यावर येते. आभार कशाचे, ते.

एस.वाय.ला असताना निघोज, वेरूळ, लोणार अशी चार रात्रींची सहल ठरली. आमच्या घरून साफ नकार. माण तालुक्यातलं गाव, मुलगी शिकायला पुण्याला राहते हेच मुळात भावकीला खुपत होतं, त्यात पोरांबरोबर रात्री बाहेर! मी तुम्हाला येऊन म्हटलं, सर, मला जमणार नाही. तुम्ही 'का' विचारलं नाहीत. "गावाला एसटी कुठून?" एवढंच विचारलंत.

पुढच्या शनिवारी स्वारगेटहून दहिवडीची गाडी धरून, पुढे वडापनं, फेब्रुवारीच्या उन्हात छत्री उघडून तुम्ही आमच्या दारात. मी गोठ्याआड लपले होते हे आज कबूल करते. दादांनी (वडिलांना आम्ही दादा म्हणतो) पाणी दिलं, गूळ दिला. दोघंही गप्प. मग दादांनी, पाहुण्याला काहीतरी दाखवावं म्हणून, "चला, विहीर दावतो" म्हटलं. आणि तुम्ही विचारलंत, "किती विहिरी आहेत?"

"एक हाय. म्हंजे तशा दोन. पण एक कोरडी."

"मग आधी कोरडी दाखवा."

सर, ती विहीर आमच्या घरात कुणी बोलायचा विषय नव्हता. बहात्तरच्या दुष्काळात दादांनी बैलजोडी विकून ती खोदली. नऊ परस, म्हणजे नऊ पुरुष खोल, खाली गेले. सुरुंग लावून लावून पैसा संपला, पाणी नाही. गावात वीस वर्षं तिच्यावरून टोमणे चालू होते. तोंडावर बाभळीच्या काट्या टाकून ठेवलेल्या. आला-गेला प्रत्येक जण नंतरची, पाणी लागलेली विहीर बघायचा. कोरडी बघायला मागणारे तुम्ही पहिले.

दादांनी काट्या बाजूला केल्या. तुम्ही काठावर पालथे पडलात आणि छत्रीच्या टोकानं थर दाखवत विचारत गेलात, हे काय, त्याखाली काय. दादांचा आवाज हळूहळू मोकळा होत गेला ते मला गोठ्यापर्यंत ऐकू येत होतं. "वर दोन हात माती. मग मुरूम. त्याच्याखाली लगी काळा पाषाण. सुरुंगानं नुसतं टवकं उडायचं. त्या दुसऱ्या हिरीत बघा, मुरमाखाली मांजऱ्या लागला. मांजऱ्या लागला की पाणी येतंय. हितं मांजऱ्याच न्हाई."

"मांजऱ्या म्हणजे?"

दादांनी दुसऱ्या विहिरीच्या मलब्यातून एक ढेकूळ आणून तुमच्या हातावर ठेवलं. तपकिरी, हलकं, पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेलं. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे वर येतात, त्यांची भोकं राहतात, आणि मागाहून त्यांत पांढरी खनिजं भरतात, हे आम्हाला तुम्हीच इंग्रजीतून लिहून दिलं होतं. तो थर कुजला, फुटला की त्यातून पाणी झिरपतं. सलग काळ्या कातळात भेगच नसेल तर ते जाणार कुठून?

"साठ पावलांवर आहे आणि इथे नाही, असं का?" तुम्ही विचारलंत.

"त्ये काय मला ठावं न्हाई."

"मलाही नाही," तुम्ही म्हणालात, आणि दोघंही त्या कोरड्या विहिरीच्या काठावर बराच वेळ बसून राहिलात.

सहलीचं नावसुद्धा तुम्ही काढलं नाहीत. निघताना दादाच म्हणाले, "पोरीला न्या त्या तुमच्या ट्रिपला."

सोमवारी तुम्ही फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'मांजऱ्या' लिहिलंत आणि म्हणालात, "ही संज्ञा मला पाच नंबरच्या वडिलांनी शिकवली. परीक्षेत लिहिली तर पूर्ण मार्क देईन." माझ्या घरातला शब्द कॉलेजच्या फळ्यावर खडूनं लिहिलेला मी पहिल्यांदा पाहिला. तोवर वर्गात तोंड उघडायची मला धास्ती वाटायची, की बोलता बोलता एखादं 'हितं' निसटेल. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दोन मुलं माझ्याकडे मुरूम आणि पाषाण समजून घ्यायला आली.

निघोजलाही गेलेच मग. कुकडीच्या पात्रातले ते रांजणखळगे आणि त्यांतल्या एकात खांद्यापर्यंत हात घालून तुम्ही बाहेर काढलेला गुळगुळीत गोटा. "हा मजूर. पुराचं पाणी मुकादम. ते याला गरागरा फिरवतं आणि हा कातळ कोरतो. कोरता कोरता स्वतःही झिजतो, त्याची नोंद कुणी ठेवत नाही." लोणार, वेरूळ झालं, पण खरं सांगते, मला आठवतो तो गोटाच.

दुसरी गोष्ट जरा जड आहे.

३० सप्टेंबर १९९३. विसर्जनाची रात्र, पुण्यात मिरवणूक अजून चालू होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप. दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवदाचं ओझं, आणि घरात झोपलेली माणसं. लातूर-उस्मानाबादकडे हजारो गेली.

सोमवारी तुम्ही वर्गात आलात. छत्री नव्हती. जुलैमधली टिपणं उघडायला सांगितलीत. त्यात तुम्हीच सांगितलेलं वाक्य होतं, की दख्खनचा हा भाग स्थिर आहे, इथे मोठ्या भूकंपाची धास्ती नाही. ते तुमचं एकट्याचं मत नव्हतं, तेव्हाच्या सरकारी नकाशातही किल्लारीचा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या, पहिल्या पट्ट्यात होता. नकाशा बदलायला २००२ साल उजाडलं. पण तुम्ही नकाशाकडे बोट दाखवलं नाहीत. "१९६७ला कोयनेच्या भूकंपानं एकदा सांगितलं होतं. ते धरणामुळे, अपवाद, म्हणून मी बाजूला ठेवलं. मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. ती ओळ काढा." कुणीतरी पान फाडायला लागलं तेव्हा तुमचा आवाज चढला. "फाडू नका. एकच काट मारा. खालचं वाचता आलं पाहिजे."

आमच्या वर्गातला उमरग्याकडचा मुलगा त्या दिवशी नव्हता. तो पंधरा दिवसांनी आला. तुम्ही त्याच्या बाकाशी गेलात, त्याची वही मागून घेतलीत, ते पान शोधलंत आणि त्या ओळीवर स्वतःच्या हातानं काट मारून खाली सही केलीत, तारखेसह. दोघंही काही बोलला नाहीत. बोर्नव्हिटाचा डबा कशासाठी होता ते मला तेव्हा उमगलं.

तक्रारही लिहिते, नाहीतर तुम्ही म्हणाल, पत्र उतरवलेलं दिसतंय. तुमचा अभ्यासक्रम कधीच पुरा झाला नाही. जीवाश्मांचा अर्धा पेपर तुम्ही शेवटच्या चार दिवसांत गुंडाळलात आणि मला त्यात ४१ मार्क पडले. एम.एस्सी.ला प्रवेश मिळताना ते ४१ फार नडले. आणि पाणाड्याला, जमिनीखालचं पाणी सांगणाऱ्याला, वर्गात आणलंत तेव्हा विभागात केवढा गहजब झाला! त्यानं कॉलेजच्या मैदानात तळहातावर नारळ उभा करून दाखवला, आम्ही फिदीफिदी हसलो, आणि तुम्ही हसणाऱ्यांना बाहेर काढलंत. "हसायचं नाही. मोजायचं. किती जागा सांगितल्या, कितींना लागलं, आणि जिथे सांगितलं नव्हतं तिथे कितींना लागलं?" त्या बिचाऱ्याला फक्त लागलेल्या विहिरीच आठवत होत्या. मग तुम्ही आम्हाला तुमच्या सासुरवाडीत तुम्ही स्वतः दाखवलेल्या बोअरची गोष्ट सांगितलीत, २१० फूट, ठणठणीत कोरडी. सासऱ्यांनी पुढची दोन वर्षं जावयाला 'शास्त्रज्ञ' अशी हाक मारली म्हणे.

सर, मी आज तेच काम करते. माण-खटावकडे विहिरीच्या आणि बोअरच्या जागा दाखवते. या धंद्यात कोरड्या बोअरचं नाव कुणी काढत नाही. मी माझ्या वहीत दोन्ही एकाच शाईनं लिहिते, आणि नवीन शेतकरी आला की आधी त्याच्यापुढे कोरड्यांची पानं उघडते. काही जण तिथूनच परत फिरतात. जे थांबतात त्यांना मी विचारते, तुमच्या शिवारात कुणाची विहीर फसली आहे का? ती दाखवा आधी. चार-दोन फसलेल्या विहिरी पाहिल्या की शिवार उलगडायला लागतं. हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही.

दादा २०११ला गेले. ती विहीर अजून आहे. मी तिच्यावरच्या काट्या काढून कठडा बांधून घेतला. दर पावसाळ्यानंतर शाळेची पोरं येतात, त्यांना थर दाखवते. मुरूम, पाषाण. मग साठ पावलं चालवत दुसऱ्या विहिरीकडे नेते आणि मांजऱ्या दाखवते. "असं का?" एखादं पोरगं विचारतंच.

येत्या रविवारी पुण्यात येते आहे. वही घेऊन येईन. पान बेचाळीस बघून ठेवायचं आहे तुम्ही: गेल्या एप्रिलमधली बोअर, ३४० फूट, शेजारची विहीर भरलेली आणि ही कोरडी. माझ्या मते मधे काळ्या पाषाणाची उभी भिंत आहे, पण खात्री नाही. आणि सर, त्या छत्रीची लांबी तेवढी सांगा. माझ्याकडे त्रेसष्ट फोटो माप नसलेले पडून आहेत.

आपली,
प्रवाह क्रमांक पाच