‘वह्या आणल्यात का?’ असं विचारणाऱ्या ताईंना

इंदूर

आदरणीय ताई,
सा. न. वि. वि.

तुम्ही लेकीकडे पुण्याला राहायला गेलात त्याला आता चार महिने होतील. परवाच्या शनिवारी आपली शिक्षकांची बैठक झाली. अकराजण होतो. सांवेरकडच्या शाळेत नुकतीच लागलेली एक शिक्षिका पहिल्यांदाच आली होती. निघताना तिनं विचारलं, "हे सगळं सुरू कुणी केलं?" मी सांगायला लागले आणि दोन वाक्यांतच घसा दाटून आला. तिला बस पकडायची होती, तरी ती चपला घालून दारात थांबून राहिली. तिला जे धड सांगता आलं नाही, ते इथे लिहिते आहे. आभार मानलेले तुम्हाला रुचत नाहीत, हे ठाऊक आहे. पण या वेळी ऐकून घ्या.

तुमच्याकडे येण्याआधी मी नऊ वर्षं गणित शिकवत होते. बैठका मला नव्या नव्हत्या. जनशिक्षा केंद्रावर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या केंद्रावर, शिक्षकांचा महिन्याचा शैक्षिक संवाद असतो, सुट्टीत प्रशिक्षणं असतात. त्यातलं एक अजून आठवतं. मोठा हॉल, पंखे गरगरताहेत, आणि समोर एक गृहस्थ पडद्यावरची वाक्यं वाचून दाखवताहेत की मुलांना नुसतं ऐकवू नका, कृतीतून शिकवा. तीन दिवस आम्ही ते नुसतं ऐकलं. शेवटी एक फाईल आणि एक पिशवी मिळाली. सोमवारी वर्गात गेले आणि शुक्रवारपर्यंत जसं शिकवत होते तसंच शिकवलं. त्या गृहस्थांना मी दोष देत नाही, त्यांनाही कुणी तसंच शिकवलं असणार. पण तेव्हा मनात पक्कं बसलं होतं की बैठकीनं वर्ग बदलत नसतो.

मग एका मैत्रिणीनं ओढून मला लोकमान्य नगरच्या तुमच्या घरी आणलं. वरची खोली, सतरंजी, खाली पोह्यांचा वास. मी माझी पाठ-टाचणाची फाईल काढून ठेवली, जरा अभिमानानंच. तुम्ही ती उघडलीही नाहीत. "वह्या आणल्यात का?" एवढंच विचारलंत. कोणाच्या वह्या, मला कळेना. "मुलांच्या. पुढच्या वेळी पाच आण. एक नेहमी बरोबर येणाऱ्याची, दोन मधल्यांच्या आणि दोन अशा मुलांच्या, जी हल्ली वर्गात बोलत नाहीत." ती शेवटची अट ऐकली आणि माझ्या डोळ्यांपुढे लगेच दोन चेहरे आले. ती दोघं बोलत नाहीत हे मला माहीत होतं, फक्त आजवर कुणी विचारलं नव्हतं.

तुमच्या बैठकीचे नियम थोडे होते आणि तुम्ही त्यांत सूट देत नव्हतात. पहिली दहा मिनिटं कोणी बोलायचं नाही, फक्त वहीचं पान बघायचं. मग पानावर जे दिसतं तेवढंच सांगायचं. मुलाला ‘कमजोर’ म्हणायचं नाही, ‘होशियार’ही म्हणायचं नाही. बाप काय करतो, आई कुठे कामाला जाते, घरी अभ्यास घेतात की नाही, यातलं काही बोलायचं नाही. हा नियम मला फार जड गेला. मालवा मिलच्या पलीकडच्या आमच्या शाळेत प्रत्येक चुकीला घरची परिस्थिती हे कारण आमच्या तोंडी तयारच असायचं. तुम्ही ते कारण काढून घेतलंत तेव्हा पहिल्या दोन शनिवारी माझ्याकडे बोलायलाच काही उरलं नव्हतं.

तिसऱ्या शनिवारी दशांश अपूर्णांक निघाले. ती दुपार मला मिनिटा-मिनिटानं आठवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सहावीच्या वर्गाला मी ०.८, ०.३५ आणि ०.१२५ चढत्या क्रमानं लावायला दिले होते. एक्केचाळीसपैकी सव्वीस मुलांनी ०.८ सगळ्यांत लहान आणि ०.१२५ सगळ्यांत मोठा ठरवला होता. मी लाल पेनानं फुल्या मारल्या होत्या आणि फळ्यावर ‘शून्य लावून अंक सारखे करा’ हा नियम पुन्हा लिहून दिला होता. तुम्ही पानं बघितलीत आणि म्हणालात, "सव्वीस जणांना येत नाही म्हणतेस. मग सगळ्यांची चूक एकच कशी? न येणारा तर काहीही लिहील." मी गप्प. खरंच होतं ते. आठापेक्षा पस्तीस मोठा, पस्तिसापेक्षा सव्वाशे मोठा, असा सगळ्यांचा विचार सरळ चालला होता. त्यांच्यापाशी नियम होता, फक्त तो पूर्णांकांचा होता.

पाचवी वही अशा मुलाची होती, ज्याचं उत्तर बरोबर होतं. मी म्हटलं, याला समजलंय. तुम्ही म्हणालात, "याला ०.३ आणि ०.४७ विचारून बघ." सोमवारी विचारलं. त्यानं ठामपणे सांगितलं, ०.४७ छोटा. का? "मैडम, सौवाँ हिस्सा दसवें से छोटा होता है।" म्हणजे जितके अंक जास्त तितकी संख्या लहान, असा त्यानं अर्थ लावला होता. माझ्या प्रश्नात तो विचार योगायोगानं बरोबर उत्तरापर्यंत पोचत होता. शंभरावा भाग दहाव्यापेक्षा लहान असतो हे त्याचं म्हणणं अगदी खरं, फक्त तसे सत्तेचाळीस भाग घेतलेत, हे त्यानं धरलं नव्हतं. नऊ वर्षांत अशा किती मुलांना मी पूर्ण गुण देऊन पुढे पाठवलं असेल! त्या रात्री मला झोप आली नाही, ताई. तुम्हाला हे मी कधी सांगितलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी तुम्ही आम्हाला ०.३५ मोठ्यानं वाचायला लावलंत. आम्ही सातजण होतो, आणि सातहीजण म्हणालो, "शून्य दशमलव पैंतीस." आमच्याच तोंडून चूक बाहेर पडत होती! आपणच पस्तीस म्हणायचं आणि मुलानं ते आठापेक्षा मोठं मानलं की फुली मारायची. पैशांचं उदाहरण आम्ही सगळेच देत होतो. तीन रुपये पन्नास पैसे म्हणजे ३.५०. तिथेही मुलाला दिसतात ते रुपयांचे तीन आणि पैशांचे पन्नास, म्हणजे टिंबाच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या पूर्ण संख्या. तिसरा अंक आला की पैसे साथ सोडतात. त्या दिवसापासून मी ‘शून्य दशमलव तीन पाच’ म्हणते. पहिले काही दिवस जीभ वळत नव्हती.

मग आपण मापाची पट्टी घेतली. वर्गातल्या दोघींच्या आया शिलाईचं काम करतात, त्यांच्याकडून टेप आल्या. मुलांनी एक मीटर कागदी पट्टीवर दहा भाग केले, त्यातल्या एकाचे पुन्हा दहा, आणि ०.८ मीटर, ०.३५ मीटर, ०.१२५ मीटरच्या पट्ट्या कापून भिंतीवर एकाखाली एक लावल्या. ऐंशी सेंटिमीटर, पस्तीस आणि साडेबारा. कोण मोठं, हे मला सांगावं लागलं नाही. सव्वीसांतले बरेचजण आपलं उत्तर स्वतःच खोडून आले. काही नाही आले, त्यांच्यासाठी आणखी दोन आठवडे गेले.

हे सगळं तुम्ही कुठून आणलंत, हे आम्हाला खूप उशिरा कळलं. एका पावसाळी शनिवारी वीज गेली होती आणि वह्या दिसत नव्हत्या, तेव्हा तुम्ही तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यातल्या इटारसीच्या दिवसांचं सांगितलंत. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत विज्ञान शिकवण्याचा जो कार्यक्रम सुरू केला, तो १९७८ मध्ये जिल्ह्यातल्या सगळ्या माध्यमिक शाळांत, म्हणजे आपल्याकडच्या सहावी ते आठवीत गेला आणि १९८२ पासून एकलव्य संस्थेनं तो सांभाळला. तुम्ही नवख्या शिक्षिका म्हणून त्यात शिरलात. मुलं गटागटानं प्रयोग करायची, परीक्षेत पुस्तक उघडं ठेवायची मुभा होती, आणि दर महिन्याला संगम केंद्रावर शिक्षकांची गोष्ठी व्हायची. कुठला प्रयोग फसला, मुलांनी कोणता प्रश्न विचारला ज्याचं उत्तर आपल्याला आलं नाही, हे तिथे सगळ्यांसमोर सांगायचं. शिक्षकांच्या अशा अनुभवांवरून ‘बाल वैज्ञानिक’ ही पाठ्यपुस्तकं सुधारली गेली. "मला येत नाही असं चारचौघांत म्हणायला मी तिथे शिकले," तुम्ही म्हणालात. २००२ मध्ये तो कार्यक्रम बंद झाला. तुम्ही बदलीनं इंदुरात आलात तेव्हा ती गोष्ठी सोबत घेऊन आलात आणि आपल्या घरातली एक खोली तिला देऊन टाकलीत.

तुम्ही माझ्या वर्गात येऊन बसलात त्याबद्दलही लिहायलाच हवं. कोणी वर्गात येतं म्हणजे तपासायला येतं, हे आमच्या अंगात मुरलेलं. मी आदल्या रात्री तक्ता रंगवला होता. तुम्ही मागे न बसता खिडकीच्या बाजूला बसलात, मुलांची तोंडं दिसतील अशा. माझ्याकडे जवळजवळ बघितलंच नाहीत. जपानमधले शिक्षक एकमेकांचे पाठ असेच बघतात, जुग्यो केनक्यू म्हणतात त्याला, हे नंतर तुम्हीच सांगितलंत. तासानंतर माझ्या हातात एक चिठ्ठी दिलीत. तिच्यावर नुसते आकडे होते : १, १, २, १, १. मी प्रश्न विचारल्यावर पुन्हा तोंड उघडेपर्यंत गेलेले सेकंद. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेनं १९७० च्या दशकात हेच मोजलं होतं, शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात, एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागतात.

तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत. फळ्यापाशी उभं राहून थांबून बघावं! मी पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवायचे, थांबायचं आठवावं म्हणून. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, त्या न बोलणाऱ्या दोघांतली मुलगी बोलली. जूनपासून पहिल्यांदा. उत्तर चुकीचं होतं आणि मला इतका आनंद झाला की मी ते फळ्यावर लिहून काढलं आणि वर्गाला विचारलं, हिनं कसा विचार केला असेल? त्या दिवशी अर्धा तास आम्ही तिच्या उत्तरावर बोललो.

एका गोष्टीत मात्र माझं तुमच्याशी कधीच पटलं नाही, आजही पटत नाही. २०२० च्या शिक्षण धोरणात प्रत्येक शिक्षकानं वर्षाला निदान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलं आहे. आपले शनिवार त्यात धरले जात नाहीत म्हणून दोघं-तिघं यायचे थांबले. तुम्ही त्यांना एका शब्दानं अडवलं नाहीत, हजेरीपटही ठेवला नाहीत. "सही आली की लोक सहीसाठी येतील," हे तुमचं म्हणणं. मला वाटतं, जी शिक्षिका दोन बसा बदलून वह्यांचं ओझं घेऊन येते, तिचे ते तास मोजले जायलाच हवेत. मी त्यासाठी अर्ज करणार आहे. तुम्हाला आधी सांगते आहे, रागावू नका.

आता परवाच्या बैठकीतलं एक पान. सोबत फोटो पाठवला आहे, मुलीचं नाव झाकलं आहे. सातवी, अपूर्णांकांचा भागाकार. मी शिकवलेली रीत नेहमीचीच, दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणायचं. हिनं ३/४ ÷ १/२ करताना वरच्याला वरच्यानं भागलं, खालच्याला खालच्यानं, आणि ३/२ लिहिलं. मी फुली मारायला पेन उचललं होतं, आणि ताळा केला तर उत्तर बरोबर. वाटलं, इथे जमलं, पुढच्यात अडकेल. पुढचं होतं २/३ ÷ ३/४. दोनाला तिनानं भाग जात नाही. तिथे तिनं २/३ खोडून २४/३६ लिहिलं आहे आणि मग ८/९. तेही बरोबर.

हे तिला कोणी शिकवलेलं नाही. आम्ही अकराजण दहा मिनिटं त्या पानाकडे बघत बसलो, आणि बारा पट करायची हे तिला कसं सुचलं ते कुणालाच नीट सांगता येईना. मी अजून तिच्याशी बोललेले नाही, वहीवर काही लिहिलेलंही नाही. सोमवारी तिला जवळ बसवणार आहे. पान नीट बघा आणि रविवारी रात्रीपर्यंत फोन करा. तिला पहिला प्रश्न कोणता विचारू?

तुमची,
शनिवारच्या बैठकीतली एक शिक्षिका