माझ्या टेबलावरची अंतरे मोजायला लावणाऱ्या ऑप्टोमेट्रिस्ट मॅडमना

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

चार महिन्यांपूर्वी आपण माझी ऑर्डर त्या दिवशी घेतली नाहीत, त्याबद्दल आपले आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. डोळे तपासून झाले होते, फ्रेमही निवडून झाली होती. तरीही आपण माझ्या हाती एक कोरा कागद देऊन सांगितलेत, की रोज जसे बसता तसेच खुर्चीत बसा, कुणाला तरी मोजपट्टी धरायला सांगा आणि डोळ्यांपासून तीन अंतरे मोजून आणा. कामासाठी चष्मा हवा असेल, तर डोळ्यांइतकेच कामही मोजावे लागते, असे आपण म्हणालात. त्या वेळी मी थोडा नाराज होऊन परतलो होतो. आज त्या एका फेरीचे मोल मला कळते आहे.

मी मुद्रितशोधक आहे. समोर स्क्रीनवर पान, डाव्या हाताला कागदावरचे मुद्रित आणि टेबलापलीकडे संपादक, अशी माझी दिवसभराची बैठक असते. चाळिशी लागून बारा वर्षे झाली असून वाचनाचा नंबर आता लांबच्या नंबरापेक्षा २.२५ ने अधिक आहे. त्याआधीचा प्रोग्रेसिव्ह चष्मा, म्हणजे एकाच काचेत लांबपासून वाचनापर्यंतचे नंबर हळूहळू बदलत जाणारा चष्मा, मी दुसरीकडे करून घेतला होता. रस्त्यावर, जिन्यावर, सभागृहात त्याच्याबद्दल कसलीही तक्रार नव्हती. पण स्क्रीनवरची ओळ स्पष्ट दिसावी म्हणून हनुवटी वर उचलावी लागे, ओळीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाताना डोळ्यांऐवजी मान फिरवावी लागे आणि संध्याकाळपर्यंत मानेपासून खांद्यापर्यंत रग लागलेली असे. काचा चुकीच्या बनल्या आहेत, अशी माझी ठाम समजूत होती. आपण तो चष्मा लेन्सोमीटरवर, म्हणजे काचेचा नंबर मोजणाऱ्या यंत्रावर, तपासून सांगितलेत, की नंबर अगदी बरोबर आहेत, चष्म्यात दोष नाही. फक्त तो या कामासाठी बनलेला नाही. दुसऱ्याच्या कामाबद्दल इतक्या न्यायाने बोलणे मला फार मोलाचे वाटले.

त्यानंतर आपण कागदावर काचेची आकृती काढून जे समजावलेत, ते मी अजून जपून ठेवले आहे. नेहमीच्या प्रोग्रेसिव्ह काचेत वरचा मोठा भाग लांबचे पाहण्यासाठी असतो, तळाशी वाचनाचा भाग असतो आणि या दोहोंच्या मधल्या पट्टीत पूर्ण २.२५ चा फरक बसवावा लागतो. उभ्या रेषेवर नंबर ज्या वेगाने बदलतो, त्याच्या साधारण दुप्पट वेगाने त्या रेषेच्या बाजूंना नको असलेला सिलिंडर, म्हणजे अक्षरे धूसर करणारा दोष, वाढत जातो, हा मिंकविट्झ यांनी १९६३ मध्ये मांडलेला नियम कोणत्याही कारखान्याला चुकवता येत नाही. म्हणूनच ती मधली पट्टी अरुंद राहते, आणि स्क्रीन नेमकी त्याच पट्टीच्या वाट्याला येते. ऑक्युपेशनल काच, म्हणजे टेबलावरच्या कामासाठीची काच, उलट बाजूने आखलेली असते. तिचा पाया वाचनाचा नंबर हा असतो आणि वर जाताना तो थोडाच कमी होतो. बदल कमी आणि तोही जास्त उंचीवर पसरलेला, त्यामुळे मधला भाग ऐसपैस मिळतो.

मी आणलेली अंतरे अशी होती: मुद्रित ४२ सेंटिमीटर, स्क्रीन ६८ सेंटिमीटर आणि संपादकांचा चेहरा सुमारे १२० सेंटिमीटर. एक मीटरला या अंतराने भागले की लागणारी शक्ती मिळते, हे आपण माझ्याकडूनच करून घेतलेत. स्क्रीनसाठी जवळजवळ १.५० आणि समोरच्या माणसासाठी ०.८० च्या आसपास, असे उत्तर आले. वाचनाच्या नंबरापासून काचेच्या वरच्या भागापर्यंत नंबर जितका कमी होतो, ती उतरण १.५० ची ठेवली, तर वरच्या भागात ०.७५ उरेल, म्हणजे सुमारे १३३ सेंटिमीटरपर्यंत स्पष्ट दिसेल आणि त्यापलीकडे धूसर होत जाईल, हे आपण आधीच सांगून टाकलेत. भिंतीवरचे घड्याळही दिसावे, असा मी हट्ट धरला होता. उतरण जितकी वाढेल तितकी स्क्रीनसाठीची रुंदी घटेल, हे आकृतीवर दाखवून आपण मला त्या हट्टापासून शांतपणे परावृत्त केलेत.

मापे घेतानाची आपली काळजी तर मी कधीच विसरणार नाही. आधी फ्रेम माझ्या चेहऱ्यावर नीट बसवलीत, नाकावरचे पॅड आणि कानामागच्या काड्या जुळवल्यात, फ्रेमचा खालचा काठ गालाकडे पुरेसा झुकतो आहे ना ते पाहिलेत, आणि मगच बाहुल्यांच्या मध्यावर पेनाने खुणा केल्यात. दोन्ही डोळ्यांची मापे वेगवेगळी घेतलीत: नाकाच्या मध्यापासून उजवी बाहुली ३१ आणि डावी ३२.५ मिलिमीटर. एकूण मापाची निम्मी वाटणी केली असती, तर दोन्ही काचा पाऊण मिलिमीटर सरकल्या असत्या. उंचीची खूण करण्यापूर्वी आपण मला खुर्चीत बसवून हातात कागद दिलात, कारण तपासणीच्या वेळी माणूस ताठ बसतो आणि कामाच्या वेळी तसा बसत नाही, हे आपल्याला ठाऊक होते.

चष्मा हाती देताना तो लावून गाडी चालवायची नाही, हे आपण दोनदा बजावलेत आणि माझ्याकडून वदवूनही घेतलेत. आठवड्याभरात उजव्या बाजूची अक्षरे किंचित विस्कटल्यासारखी दिसू लागली, तेव्हा काच बदलावी लागेल या धास्तीने मी आलो. आपण चष्मा टेबलावर उलटा ठेवून पाहिलात. एक काडी वाकून फ्रेम तिरपी झाली होती. पाच मिनिटांत ती सरळ झाली आणि अक्षरे जागच्या जागी आली.

आता हनुवटी खाली असते, ओळीच्या दोन्ही टोकांपर्यंत नजर आपोआप पोहोचते आणि संध्याकाळी मान मोकळी असते. मुद्रितशोधनात डोळ्यांत तेल घालून बसावे लागते. ते बसणे आपण मला पुन्हा सुसह्य करून दिले आहे, याबद्दल मी आपला मनापासून ऋणी आहे.

एक बदल कळवायचा आहे. गेल्या आठवड्यात कार्यालयात मोठी स्क्रीन आली असून ती ७४ सेंटिमीटरवर ठेवावी लागली आहे. सध्या तरी सर्व स्पष्ट दिसते. तरीही पुढच्या तपासणीला येताना तिन्ही अंतरे नव्याने मोजून, कागदावर लिहून आणीन.

आपला कृतज्ञ,
एक मुद्रितशोधक