पहिल्या पेशीला एवढं सांगा, साहेब

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

साहेब, नमस्कार.

अकरा वर्षं मी गर्द, म्हणजे भेसळीचं हेरॉइन, ओढत होतो आणि त्यासाठी लोकलमध्ये पाकिटं मारत होतो. आज एका छापखान्यात कटिंग मशीनवर आहे. मधल्या काळाबद्दल बोलायला आमच्या चर्चच्या मंडळीत मला उभं करतात. त्याला तिथे ‘साक्ष’ म्हणतात. साक्षी मी आधीही बऱ्याच पाहिल्या होत्या, पण आरोपीच्या पिंजऱ्यातून.

आमिष दाखवून धर्मांतर केल्याच्या तक्रारी आपल्यापर्यंत येतात, म्हणून आधीच सांगतो. मला आमिष होतं: रविवारचा चहा आणि पोहे. तुरुंगात भेटायला येणाऱ्या एका म्हाताऱ्या पाळकांनी सुटताना पत्ता दिला होता, भुकेपोटी गेलो. तिसऱ्या रविवारी दानपेटीवर डोळा ठेवून गेलो. त्या दिवशी जक्कयाची गोष्ट होती. लोकांना लुबाडणारा जकातदार, येशूला बघायला उंबरावर चढलेला. येशू खालून हाक मारतो, उतर, आज मला तुझ्या घरी यायचंय. मी तेव्हा फलाटाच्या टोकाला झोपायचो. हा माझ्याकडे आला तर त्याला बसवू कुठे, या विचाराने असं रडू फुटलं की शेजारची मावशी घाबरली. दानपेटी राहून गेली.

पण गर्द काही त्या रडण्याने सुटला नाही. टर्कीत, म्हणजे नशा तुटल्यावरच्या त्रासात, हाडं आतून कुणीतरी पिळतंय असं वाटतं, पोट धरत नाही, माणूस आईचं मंगळसूत्र विकेल. (मी विकलं होतं.) ते दिवस डॉक्टरांनी आणि गोळ्यांनी काढले. पाळक व्यसनमुक्ती केंद्राबाहेरच्या बाकावर बसून असायचे. दोनदा पळालो, दोन्ही वेळा शोधत तेच आले. बाप्तिस्मा मागितला तर म्हणाले, आधी वर्षभर कोरडा राहून दाखव.

जक्कयाने लुबाडलेलं चौपट परत केलं. मी कुणाला करू? लोकलमधल्या खिशांना चेहरे नव्हते. एका पाकिटात पगारासोबत रक्ततपासणीची चिठ्ठी होती, तेवढी आठवते. नाव आठवत नाही.

आता ज्यासाठी लिहितोय ते. १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यात कलम ६४ अ आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात माल सापडल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी वा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला आणि ते त्याने पुरे केले, तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. हेरॉइनसाठी अल्प प्रमाण म्हणजे ५ ग्रॅमपर्यंत. माझ्याकडे दोन पुड्या होत्या. मला एवढंच सांगण्यात आलं, “कबूल कर, लवकर सुटशील.” केलं आणि सुटलोही. ती शिक्षा मात्र अजून प्रत्येक चारित्र्य पडताळणीत माझ्या आधी पोचते. ६४ अ हे नाव मी ऐकलं ते चार वर्षांनी, एका वकीलबाईंच्या तोंडून.

पाकीटमारीत सूट मागत नाही, ती शिक्षा माझीच होती. मागणं एवढंच: अशा आरोपीला कोर्टातल्या पहिल्या पेशीआधी पोलिसांनी हे कलम त्याच्या भाषेत सांगावं, आणि जवळच्या केंद्राच्या पत्त्यासह कागदावर द्यावं. दोन-तीन दिवसांनी पुन्हा सांगावं, कारण टर्कीत असलेल्याला काही ऐकू येत नाही.

केंद्र चर्चचंच हवं असं मुळीच नाही. वांद्र्यात १९८१ साली कृपा फाउंडेशन सुरू करणारे फादर ज्यो परेरा स्वतः दारूतून बाहेर आलेले. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण काढलं, त्याचा कुठल्या चर्चशी संबंध नाही. मला जो बाकावर भेटला तो येशू. दुसऱ्याला कोण भेटेल ते त्याचं तो बघेल, पण आधी त्या बाकापर्यंत पोचू तर द्या.

खाली नाव घातलेलं नाही, माफ करा. छापखान्याच्या मालकांना सगळं ठाऊक आहे, घरमालकांना अजून नाही. भाडेकरार पुढच्या महिन्यात संपतोय.

आपला,
एक माजी कैदी, मुंबई